ग्वाल्हेरची हवा ओळखणारे पेटीवाले चाचा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत वाद्यदुरुस्तीचं एक दुकान आहे. पाटी नाही, त्यामुळे दुकानाचं नाव सांगता येत नाही, "पेटीवाले चाचा कुठे बसतात?" विचारलं की कचोरीवाल्यापासून कोणीही दाखवतं. पेटी, तंबोरा, तबला यांपैकी काहीही कुरकुरत असेल तर ग्वाल्हेरमध्ये ते इथेच दाखवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी घरी गाणं शिकवते, त्यामुळे घरात माणसांपेक्षा वाद्यांची उठाठेव जास्त. त्यात आमची हवा ही अशी. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि वर लू, म्हणजे भाजून काढणारा वारा. जानेवारीत पहाटे तीन-चार अंश आणि कधीकधी दुपारपर्यंत न हटणारं धुकं. सासूबाईंचा तंबोरा मिरजेहून आलेला आहे. मिरजेच्या हवेत वाढलेलं हे सासुरवाशीण लाकूड इथल्या प्रत्येक ऋतूत एकदा तरी रुसतंच.

चाचांकडे वाद्य नेलं की ते लगेच हात लावत नाहीत. खोळ काढतात, फळीवर ठेवतात आणि म्हणतात, "बाईसाहब, पहले इसे यहाँ की हवा लगने दीजिए. कल आइए." नव्या माणसाला ही टाळाटाळ वाटते. उन्हातून रिक्षाने आणलेला तंबोरा तिथल्या तिथे जुळवून दिला तर रात्री घरी तो चढलेला सापडतो, हे त्याला ठाऊक नसतं. मीटरभर पोलादी तार दहा अंश तापली की मिलिमीटरच्या साधारण एक दशांशाने लांबते, पितळी तार त्याच्या दीडपट. ऐकायला काहीच नाही हे, पण तेवढ्याने ताण सैलावतो आणि सूर उतरतो. खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची, तार पितळी आणि मुळातच कमी ताणलेली, म्हणून सगळ्यांत आधी तीच ढळते. लाकडाचं उलट आहे. ते उष्णतेने फारसं वाढत नाही, दमटपणाने फुगतं आणि कोरडेपणाने आक्रसतं. म्हणजे तारा एका कारणाने हलतात, दांडी दुसऱ्याच कारणाने. याआधी एका चकचकीत, वातानुकूलित दालनात तंबोऱ्याची जवारी काढून (घोडीचा माथा घासून झंकार जुळवून) घेतली होती. तिथे तंबोरा सुरेख बोलला. मे महिन्यात घरी आणल्यावर मात्र खुंट्या पिळून पिळून मनगट दुखायला लागलं. तिथे कोणी विचारलंच नव्हतं की हा वाजणार कुठे.

चाचांचा पहिला प्रश्न तोच असतो: "बजेगा कहाँ?" दुसरा: "कूलर में रहता है या एसी में?" ग्वाल्हेरकरांना दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व सांगायला नको. कूलरची हवा पाण्यातून येते, त्या खोलीत तबला ठेवला तर चामडं ओल धरतं आणि चाट, म्हणजे कडेचा सूर, बघता बघता उतरते. तोच तबला लूमध्ये गच्चीवर नेला की चढतो. एसीची हवा कोरडी, तिथे भोपळ्याचा सांधा उकलण्याची भीती. मी शिकवते त्या खोलीत कूलर आहे असं सांगितल्यावर त्यांनी तबला कूलरच्या समोरच्या कोपऱ्यातून उचलायला लावला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

खरी गंमत डिसेंबरात असते. तानसेन समारोह हा संगीत महोत्सव हजिरा भागात तानसेनच्या समाधीच्या आवारात होतो. मंडप असला तरी थंडी आत शिरतेच. रात्र चढत जाते तशा तंबोऱ्याच्या तारा आखडून वर सरकतात. बासरी खाली जाते, कारण थंड हवेत ध्वनी सावकाश चालतो: शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, पुढे प्रत्येक अंशामागे सुमारे ०.६ मीटर जास्त. बासरीतली हवा दहा अंशांनी गार झाली की अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा भाग गेला. फुंकीची ऊब ती थोडी सावरून घेते, म्हणून बासरीवाले आपली पाळी येईपर्यंत बासरी शालीत घेऊन बसतात. दवाने तबलाही उतरतो. पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभा, थंडीत किंचित चढतात, पण इतके किंचित की कानाला जेमतेम कळावं. सगळे आपापल्या दिशेने निघालेले आणि पेटी जागच्या जागी. निवेदक तोपर्यंत पाहुण्यांचा परिचय लांबवत असतो. माधव संगीत महाविद्यालयात (१९१८ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हेच ते) आम्हाला स्वर, श्रुती, मूर्च्छना सगळं घोकवलं, पण तापमानाबद्दल एक अक्षर कोणी शिकवल्याचं मला आठवत नाही. ते मी चाचांच्या स्टुलावर बसून शिकले.

पेटीचं काम जवळून बघण्यासारखं आहे. बेसूर वाजणारा सूर ते पट्टीवरून न काढता त्याच्या जिभेखाली पत्र्याची पातळ चकती सरकवतात. सूर चढवायचा असेल तर टोकाला, उतरवायचा तर मुळाशी, बारीक कानशीने दोन-तीन वेळा खरवडतात. मग हात बाजूला घेऊन गप्प बसतात. घासल्याने आणि बोटांच्या उबेने पितळ कोमट झालेलं असतं, लगेच ऐकलं तर उतरलेलं वाटतं, आणि माणूस ते चढवायला आणखी खरवडतो. सूर थंड झाला की तो जास्तच चढलेला निघतो. म्हणून थांबायचं. त्या वेळात त्यांचा चहा होतो आणि शेजारच्या पानवाल्याशी दोन वाक्यं. मोबाईलवरचं सूर मोजायचं ॲप त्यांच्याकडे आहे, पण ते शेवटी, गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून उघडतात. माझ्या विद्यार्थिनींचा तंबोराही आता मोबाईलमध्येच असतो. त्याचा सूर हवेने ढळत नाही हे मान्य. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर ऐन बैठकीत तो मोबाईल तापून बंद पडला, तेव्हा सासूबाईंचा मिरजेचा तंबोराच कामाला आला.

एक सूचना चाचा प्रत्येकाला देतात, मीही देते. वाद्य उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. बाहेर पंचेचाळीस असताना बंद गाडीत पासष्टच्या पुढे सहज जातं, आणि जुन्या वाद्यांचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात. तो एवढ्या उष्णतेत मऊ पडतो. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी लग्नाच्या गडबडीत पेटी डिकीत ठेवली. संध्याकाळी भात्याच्या घड्या सुटलेल्या, आणि दाबला की सुरांऐवजी सुस्कारा. भाता नव्याने बसवण्यावाचून उपाय नव्हता. चाचांनी बोलणी मात्र यथेच्छ सुनावली, तीही दुकानात चार माणसं असताना.

आता अर्ध्या ताऱ्याचं. फोन उचलत नाहीत. "मंगलवार" म्हणाले तर तो कोणत्या आठवड्यातला मंगळवार हे विचारून घ्यावं. पावती देत नाहीत. बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर बहुधा कोणाचा तरी डग्गा विराजमान असतो. दर बाजारापेक्षा थोडे चढे. पेटी पूर्ण जुळवायचे माझ्याकडून अडीच हजार घेतले. मला ते योग्य वाटले, कारण त्यानंतर एक उन्हाळा आणि एक हिवाळा पेटीला हात लावावा लागला नाही.

आणि पावसाळ्यात पुडीला (तबल्याच्या तोंडावरच्या चामड्याला) शाई भरायला घेत नाहीत, कितीही विनवण्या करा. शाई म्हणजे खळ आणि लोखंडाचा कीस यांचे थरावर थर. प्रत्येक थर वाळवून दगडाने घोटावा लागतो. श्रावणात तो आतून ओलाच राहतो आणि महिन्याभरात खपली धरून निघतो. कडक उन्हात घाईने वाळवला तर तडकतो. दुसरीकडे कोणी जुलैत करून देतो म्हणाला तर देऊ नका. पुडीचं काम होळीच्या आधी न्या किंवा दसऱ्यानंतर. दुकान अकराला उघडतं, शुक्रवारी बंद. गल्लीत चारचाकी जात नाही.