जिप्सीच्या ऑइल कूलरचे ब्रेडेड पाइप: घरी बसवलेल्या फिटिंगचा नऊ महिन्यांचा अनुभव

माझ्या १.३ लिटर इंजिनाच्या जुन्या मारुती जिप्सीला ऑइल कूलर (इंजिनाचे तेल थंड करणारा छोटा रेडिएटर) जोडताना स्टीलची जाळी असलेले दोन पाइप मी स्वतः कापले आणि त्यांची चारही फिटिंग घरीच बसवली. या कामाला आता नऊ महिने होऊन गेले असून त्यात एक संपूर्ण पावसाळाही आला.

माप एएन-८ घेतले. ‘एएन’ म्हणजे अमेरिकी आर्मी-नेव्ही मानक. पुढचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांत मोजतात, त्यामुळे ८ म्हणजे अर्धा इंच. या मापाच्या नटाचे आटे पाऊण इंच व्यासाचे आणि इंचाला १६ असतात. गळती थांबते ती मात्र आट्यांवर नव्हे, ३७ अंशांच्या शंकूवर. भोसरीसारख्या औद्योगिक भागातल्या हायड्रॉलिक दुकानांत याच कोनाचे जेआयसी (हायड्रॉलिक नळ्यांच्या मानकाचे) फिटिंग मिळते, परंतु शेजारच्या खणातले बीएसपी (ब्रिटिश मानकाचे) फिटिंग दिसायला तसेच असले तरी त्याचा शंकू ६० अंशांचा असतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी कोन विचारून घ्यावा.

खरी परीक्षा कापण्यात आहे. पहिला काप मी हॅक्सॉने घेतला आणि जाळीच्या तारा अशा पिंजारल्या, की सॉकेटमध्ये, म्हणजे फिटिंगच्या पाइपवर बसणाऱ्या बाहेरच्या भागात, पाइप जाईना आणि बोटांतून रक्त मात्र आले. दुसऱ्या वेळी कापण्याच्या जागेवर चिकटपट्टीचे तीन-चार घट्ट वेढे दिले आणि ग्राइंडरला एक मिलिमीटर जाडीची चकती लावून त्या पट्टीच्या मधोमध सरळ काप घेतला. तो स्वच्छ आला. मात्र चकतीमुळे रबराची काळी भुकटी पाइपच्या आत जाते. हाच पाइप इंजिनाच्या बेअरिंगला तेल पोहोचवणार असल्यामुळे मी दोन्ही पाइप पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरच्या हवेने साफ केले आणि नंतर आतून कापडाचा बोळा ओढून घेतला.

पाइप सॉकेटमध्ये फिरवत ढकलायचा आणि निपलचे (फिटिंगच्या पाइपच्या आत घुसणाऱ्या भागाचे) आटे सुरू होतात त्याच्या किंचित खाली थांबवायचा. मग सॉकेटच्या तोंडाशी पाइपवर खूण करून वाइसमध्ये धरलेल्या सॉकेटात निपल पान्याने आवळायचा. आवळताना ती खूण सॉकेटपासून दूर सरकू लागली, तर पाइप मागे ढकलला जात आहे असे समजून सर्व उघडून पुन्हा सुरुवात करावी. शेवटी निपलचा षट्कोन आणि सॉकेट यांच्यात सुमारे एक मिलिमीटर फट उरावी. निपलला आणि पाइपच्या आतल्या रबराला तेल लावणे मी एका टोकाला विसरलो. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर तेच टोक ठिबकू लागले. उघडून पाहिले, तर निपलच्या कडेने आतल्या रबराची साल निघून लोंबत होती! पाइप थोडा जास्त लांब ठेवला होता म्हणून इंचभर कापून तेच फिटिंग पुन्हा बसवता आले. त्यानंतर चारही टोके कोरडी आहेत.

जाळीबद्दल माझी एक तक्रार कायम आहे. ती अक्षरशः कानसच आहे. सहाव्या महिन्यात हॉर्नच्या वायरचे वेष्टण पाइपाने घासून तांबे उघडे केले होते, आणि चॅसिसच्या एका कडेचा रंगही गेला होता. इंजिन माउंटवर हलते, म्हणून पाइप ताणून ठेवता येत नाही आणि मोकळाही सोडता येत नाही. आता पाइप धरून ठेवणाऱ्या, रबर लावलेल्या चार पी-क्लिप लावल्या आहेत आणि वायरशेजारच्या भागावर नायलॉनचे आवरण चढवले आहे. पावसाळ्यात दापोलीहून परतल्यावर निळ्या अॅल्युमिनियमच्या फिटिंगवर, जिथे स्टीलच्या पान्याने रंग खरवडला गेला होता नेमक्या तिथेच, पांढरी भुकटी धरलेली आढळली. पान्याच्या जबड्याला पट्टी गुंडाळायला हवी होती.

ऑइल कूलरसाठी हे काम मी पुन्हा करीन. इंधनासाठी मात्र आतून रबर असलेला पाइप घेणार नाही, कारण २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला प्रत्येक रबर टिकतेच असे नाही आणि पेट्रोलचा वासही आतून झिरपतो. तिथे पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) अस्तर हवे. त्याच्या फिटिंगमधील ऑलिव्ह (अस्तराला घट्ट धरणारी छोटी कडी) एकदा दाबली गेली की प्रत्येक वेळी नवीन घालावी लागते. ब्रेकचे पाइप मात्र मी घरी जोडणार नाही. ते कारखान्यात क्रिंप करून (यंत्राने दाबून पक्के करून) दाब-चाचणी केलेलेच घेतले असून ते बसवतानाही बॅंजो बोल्टखालचे (आतून द्रव जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर नवीन घातले.