व्हेडरचा सूड: एकाच नावाच्या तीन मालिकांपैकी आधी कोणती घ्यावी?

‘स्टार वॉर्स’चे चित्रपट पाहिलेला वाचक डार्थ व्हेडरच्या कॉमिककडे वळला, की त्याच्यापुढे पहिली अडचण नावाचीच उभी राहते. मार्व्हलने 2015 पासून ‘डार्थ व्हेडर’ या एकाच नावाने तीन स्वतंत्र मालिका काढल्या असून तिन्हींची सुरुवात अंक 1 पासून होते आणि तिन्हींच्या मुखपृष्ठांवर तोच काळा मुखवटा असतो. पहिली मालिका 2015-16 मधली, 25 अंकांची. लेखक कीरन गिलन, चित्रकार साल्व्हादोर लारोका. दुसरी 2017-18 मधली, तीही 25 अंकांचीच. लेखक चार्ल्स सूल, चित्रकार ज्युसेप्पे कामुन्कोली. तिसरी 2020 मध्ये सुरू होऊन 2024 मध्ये 50व्या अंकावर थांबली. तिचे लेखक ग्रेग पाक असून सुरुवातीच्या अंकांची चित्रे राफाएले येन्को यांची आहेत. प्रकाशनाचा क्रम आणि कथेचा काळ एकमेकांशी जुळत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे. दुसरी मालिका 2005 च्या चित्रपटाच्या अगदी शेवटच्या क्षणापासून सुरू होते, पहिली 1977 च्या चित्रपटानंतर घडते आणि तिसरी 1980 च्या चित्रपटानंतर. पुढे कथानकातील काही प्रसंग उघड केले आहेत. मात्र शेवट कुठल्याच मालिकेचा सांगितलेला नाही.

व्हेडर हा सम्राटाचा सर्वांत निष्ठावान योद्धा आहे आणि त्याच वेळी त्याच्या मनात सूडही धुमसत असतो. तिन्ही मालिकांचा गाभा हाच आहे. परंतु सूड कोणावर, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक लेखकाने वेगळे दिले आहे, आणि माझ्या मते निवड करताना पाने आणि किंमत यांच्याआधी हे उत्तर पाहावे.

गिलन यांच्या मालिकेत व्हेडर अपमानित अवस्थेत भेटतो. डेथ स्टार हे साम्राज्याचे महाशस्त्र नष्ट झाल्याचा ठपका त्याच्यावर आलेला आहे, सम्राटाने त्याला टॅगी या सेनाधिकाऱ्याच्या हाताखाली दिले आहे आणि त्याची जागा घेऊ शकतील असे, यंत्रांच्या साहाय्याने घडवलेले प्रतिस्पर्धी तयार ठेवले आहेत. वरून हुकूम पाळायचे आणि आतून स्वतःची माणसे, स्वतःचे सैन्य आणि स्वतःचा पैसा गुपचूप उभा करायचा, असा हा 25 अंकांचा डाव आहे. सहाव्या अंकातला प्रसंग या मालिकेचा कणा म्हणावा लागेल. डेथ स्टार उडवणाऱ्या वैमानिकाचा शोध घेऊन आलेला भाडोत्री शिकारी बोबा फेट व्हेडरला फक्त एक आडनाव सांगतो, व्हेडरचेच जुने: स्कायवॉकर. व्हेडर खिडकीपाशी उभा आहे, बाहेर तारे आहेत. तो काही बोलत नाही. जुन्या आठवणींच्या चौकटी मध्ये येत राहतात आणि त्याच्यासमोरच्या काचेला तडे जात जातात. आपल्याला मुलगा आहे, म्हणजेच इतकी वर्षे सम्राटाने आपल्याला फसवले, हे त्याला त्या एका आडनावातून कळते. मुखवट्यामागचा चेहरा एकदाही न दाखवता केवळ काचेवरच्या तड्यांतून हा आघात वाचकापर्यंत पोहोचतो. चित्रकथा हे माध्यम काय करू शकते, याचा याहून चांगला नमुना मला या तीन मालिकांत सापडलेला नाही.

याच मालिकेत डॉक्टर आफ्रा हे पात्र प्रथम आले. ही पुरातन शस्त्रांची शोधक व्हेडरच्या पदरी राहते खरी, पण काम संपले की तो आपल्याला जिवंत सोडणार नाही, हे तिला पहिल्यापासून ठाऊक असते. म्हणून ती आधीच त्याला विनंती करून ठेवते, की वेळ येईल तेव्हा लाइटसेबरच्या, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या तलवारीच्या, एका घावात संपवावे, यानातून अवकाशात फेकून देऊ नये, कारण तिला त्याच मरणाची भीती वाटते. हे वाक्य पुढची सगळी पाने वाचकाच्या मनात टोचत राहते. तिच्यासोबतचे दोन खुनशी यंत्रमानव कथेला अनपेक्षित हलकेपणा देतात, आणि व्हेडरसारखे अबोल पात्र मध्यभागी असताना बोलकी माणसे भोवती असणे किती आवश्यक आहे, हे गिलन यांनी नेमके ओळखले आहे. उणीव सांगायची तर लारोका यांचे मानवी चेहरे पुष्कळदा छायाचित्रावरून उतरवल्यासारखे ताठर वाटतात. मुखवट्याला त्याची बाधा होत नाही, इतरांना होते. शिवाय अंक 13 ते 15 हे ‘व्हेडर डाऊन’ या सहा भागांच्या जोडकथेचे तुकडे आहेत. ते उरलेल्या भागांशिवाय अर्धवट वाटतात, म्हणून मालिकेच्या चार खंडांबरोबर हा पाचवा खंडही घ्यावाच लागतो.

सूल यांच्या मालिकेत सूडाची दिशा आतल्या बाजूला वळते. नुकताच कवचात बंद झालेला, स्वतःच्या नव्या देहाशी झगडणारा व्हेडर येथे आहे, आणि त्याच्याजवळ शस्त्रही नाही. सम्राटाची आज्ञा अशी, की लाइटसेबर कोणी देत नाही, तो जेडायकडून, म्हणजे फोर्स ही गूढ शक्ती वापरणाऱ्या जुन्या योद्ध्यांकडून, हिसकावून घ्यावा लागतो. किराक इन्फिला या वनवासी जेडायशी झालेल्या लढाईत व्हेडर पहिल्यांदा चक्क हरतो, त्याचे यांत्रिक अवयव मोडतात आणि त्याला स्वतःची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करावी लागते. शेवटी तो जिंकतो, ते बांध फोडून खालच्या नगराला पुराच्या तोंडी देऊन; किराकचे लक्ष लोकांकडे जाते आणि तिथेच त्याचा घात होतो. तलवारबाजीत सरस असलेल्या माणसाला त्याच्या करुणेनेच हरवायचे, ही कल्पना भयंकर आहे आणि व्हेडरला अचूक शोभणारी आहे. त्यानंतर मुस्ताफार ग्रहावर हिसकावलेल्या लाइटसेबरमधला स्फटिक लाल करताना त्याला एक दृश्य दिसते: सम्राटाला मारून आपण जुन्या गुरूकडे परत गेलो आहोत. तो हा मार्ग समजून उमजून नाकारतो. पुढे दहाव्या अंकात, फोर्सची देणगी असलेल्या मुलांची जी यादी सम्राटाला हवी असते ती तो स्वतःच्या हातांनी चिरडतो आणि ही गोष्ट मालकाला सांगत नाही. निष्ठेत पडलेली ही पहिली फट मला फार मोलाची वाटते. कामुन्कोली यांनी निर्जीव मुखवटा प्रकाशाच्या कोनांतून आणि मानेच्या कलातून बोलका केला आहे. कारागिरीच्या दृष्टीने तिन्हींत ही मालिका सरस आहे. चार खंडांत ती पूर्ण होते आणि इतर मालिकांवर तिला अवलंबून राहावे लागत नाही.

आता तिसरी. सूड हा शब्द सरळ अर्थाने जिला लागू पडतो ती हीच. मुलाने हात नाकारून खोल दरीत उडी घेतली, त्या क्षणापासून ती सुरू होते. माझ्या मुलाला माझ्यापासून कोणी लपवले, कोणी दुर्बळ केले, त्या प्रत्येकाला शोधून काढायचे, असा व्हेडरचा निश्चय आहे. तपासकामाचा एक यंत्रमानव बरोबर घेऊन तो टॅटूइन ग्रहावरच्या जुन्या घरापासून निघतो, कोरुसांट या राजधानीतल्या, त्याची दिवंगत पत्नी पद्मे हिच्या रिकाम्या निवासात पोहोचतो आणि अखेर तिच्या समाधीपर्यंत जातो. मराठी कानाला हे नाव कोणीतरी ‘पद्मा’ला हाक मारल्यासारखे ऐकू येते, आणि या मालिकेत तर ती खरोखरच हाक असल्यासारखी पानापानावर उमटत राहते. वाटेत पद्मेची जुनी सखी साबे त्याला भेटते. चेहऱ्यातल्या साम्यामुळे क्षणभर तो तिला पद्मेच समजतो. साबेही पद्मेच्या मारेकऱ्याच्या शोधात आहे. म्हणजे एकाच मृत्यूचा सूड घ्यायला निघालेले दोन निष्ठावान समोरासमोर उभे आहेत, आणि ज्याला शोधायचे तो मारेकरी आपल्यापुढेच आहे, हे साबेला ठाऊक नाही. ही रचना अतिशय समर्थ आहे. पाचव्या अंकात पद्मेचे अखेरचे शब्द त्याच्या कानी पडतात, आणि सूडाचा सगळा आवेश तिथे अडखळतो.

या स्वैर भ्रमंतीची शिक्षा म्हणून सम्राट त्याला मोडून मुस्ताफारवर फेकतो आणि फोर्स वापरण्याची बंदी घालतो. जुन्या युद्धयंत्रांचे भंगार अंगाला जोडून तो पुन्हा उभा राहतो, ओची नावाचा मारेकरी पाठीवर असताना. हा भाग 11व्या अंकाला संपतो. तेथून पुढे मात्र 2021 च्या ‘वॉर ऑफ द बाउंटी हंटर्स’पासून ही मालिका इतर मालिकांच्या महाकथांत वारंवार गुंतत जाते, आणि फक्त व्हेडरसाठी आलेल्या वाचकाला मधले धागे तुटक वाटतात. नऊच्या नऊ खंड एकदम मागवण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

ज्यांना प्रतिशोधाचीच कथा वाचायची आहे आणि ज्यांचे चित्रपट पाहून झाले आहेत, विशेषतः साबे जिच्यात प्रथम दिसते ती 1999 पासूनची चित्रपटत्रयी, त्यांनी तिसऱ्या मालिकेचे फक्त पहिले दोन खंड घ्यावेत. ती 11 अंकांची स्वयंपूर्ण कादंबरी आहे असे समजून वाचावे. ज्यांनी केवळ जुने तीन चित्रपट पाहिले आहेत, किंवा ज्यांना सूडापेक्षा दरबारातले डावपेच आणि नवी पात्रे अधिक भावतात, त्यांच्यासाठी गिलन यांची मालिका योग्य. चित्रांसाठी कॉमिक घेणाऱ्याने सूल आणि कामुन्कोली यांच्याकडे जावे. तिन्ही वाचायच्याच असतील, तर कथेच्या काळाप्रमाणे न जाता प्रकाशनाच्या क्रमाने जावे असा माझा आग्रह आहे. काचेचे तडे आधी पाहिले, की स्फटिक लाल होताना त्याने काय नाकारले, याची किंमत नीट कळते.

वाचन मोबाइलवर करणार असाल तर एकेक चौकट पुढे सरकवत नेणारी सोय बंद ठेवावी आणि शक्य तर पडदा मोठा घ्यावा. गिलन यांच्या मालिकेत व्हेडरच्या मौनाला पुष्कळदा अख्खे पान दिलेले असते, आणि तुकड्यातुकड्याने पाहिले तर ते मौन दिसतच नाही.