शियात्सू थेरपिस्टांसाठीचा वार्षिक सीपीडी अभ्यासक्रम : दहा महिन्यांच्या वापरानंतर

ब्रिटनमध्ये शियात्सूचा, म्हणजे अंगठे आणि तळहातांच्या दाबाने करायच्या जपानी उपचारपद्धतीचा, व्यवसाय करणाऱ्यांसाठी एका प्रशिक्षण संस्थेने चालवलेल्या वार्षिक सीपीडी अभ्यासक्रमाची, म्हणजे पदविका मिळाल्यानंतरही चालू ठेवायच्या व्यावसायिक शिक्षणाची, मी गेले दहा महिने सभासद आहे. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, महिन्यातून एकदा सहकाऱ्यांच्या छोट्या गटाची ऑनलाइन बैठक आणि अधूनमधून प्रत्यक्ष कार्यशाळा अशी त्याची रचना आहे. अशा रचनेचे अभ्यासक्रम आता अनेक संस्था देत असल्यामुळे संस्थेच्या नावापेक्षा यातला कोणता भाग हाताला लागतो आणि कोणता नुसता नोंदवहीत राहतो, याविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

या शिक्षणाला ब्रिटनमध्ये इतके महत्त्व का, हे आधी सांगायला हवे. तोकुजिरो नामिकोशी यांनी 1940 मध्ये तोक्योत शियात्सूचे विद्यालय काढले. जपानमध्ये हा व्यवसाय करायचा तर आजही किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परवान्याची परीक्षा यांतून जावे लागते. ब्रिटनमध्ये मात्र शियात्सूवर कायद्याचे असे नियंत्रण नाही. शियात्सू सोसायटीचे सभासदत्व किंवा पूरक उपचार करणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या, 2008 पासून कार्यरत असलेल्या कॉम्प्लिमेंटरी अँड नॅचरल हेल्थकेअर कौन्सिलची नोंदणी ही प्रत्येकाने स्वेच्छेने स्वीकारायची गोष्ट आहे. समोरच्या गादीवर विश्वासाने आडव्या झालेल्या माणसाला आपल्या हातांची खात्री द्यायची असेल, तर ती कायदा देत नाही. आपण शिकत राहतो की नाही, यावरच ती बरीचशी अवलंबून राहते. म्हणूनच नोंदणीच्या नूतनीकरणाआधी घाईघाईने शिक्षणाचे तास भरून काढण्याची जी पद्धत आमच्यात रूढ आहे, ती मला मनापासून खटकते.

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांचा मोठा भाग सिद्धान्ताचा आहे. शिझुतो मासुनागा यांनी हातापायांपर्यंत विस्तारलेले मेरिडियन (शरीरातून ऊर्जा वाहते असे मानलेले मार्ग), क्यो आणि जित्सू, म्हणजे त्या ऊर्जेची उणीव आणि अतिरेक, यांचे निदान, आणि मेरिडियनऐवजी शरीररचनेवर भर देणारी नामिकोशी यांची पद्धत असे विषय त्यात येतात. मांडणी नेटकी आहे, पण पदविकेच्या काळात जे शिकलो त्याचीच ती उजळणी आहे. ही व्याख्याने ऐकून माझ्या एकाही सत्रात काही बदलले असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

याला ठळक अपवाद सुरक्षिततेच्या व्याख्यानमालेचा. कंबरदुखी घेऊन आलेल्या व्यक्तीला मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या भागात बधिरपणा जाणवत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल किंवा ती अडून राहत असेल, तर सत्र सुरू न करता तिला तातडीने रुग्णालयात पाठवायचे. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखरेपणा असेल तर तिथे दाब द्यायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगायचे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा हाडे ठिसूळ झाली असतील तर दाब कुठे आणि किती कमी करायचा, हे सर्व प्रसंगांच्या आधारे शिकवले आहे. प्रत्येक प्रसंगानंतर व्याख्यान थांबते आणि आपण क्लायंटला नेमके काय सांगू ते लिहावे लागते. ‘पाठवायचे’ हे सगळ्यांनाच ठाऊक असते. पण समोरच्याला घाबरवून न सोडता, तरीही त्याने टाळाटाळ करू नये अशा शब्दांत ते सांगायला सरावच लागतो. माझ्या पहिल्या भेटीच्या प्रश्नावलीत या मालेमुळे चार नवे प्रश्न आले आणि ते मी आता कोणालाही विचारल्याशिवाय राहत नाही.

कार्यशाळांविषयी तर भरभरून लिहावेसे वाटते. व्यवसायात वर्षानुवर्षे एकटे काम करताना आपला हात कसा चालतो हे पाहणारे कोणीच नसते. पाठीच्या कण्यालगतच्या मूत्राशय मेरिडियनवर मी अंगठा ठेवला असताना शिक्षिकेने माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला, माझी कोपर जराशी सरळ केली आणि गुडघे थोडे पुढे घ्यायला सांगितले. अंगठ्याच्या मुळाशी साठणारा ताण तत्काळ ओसरला, कारण दाब आता स्नायूंच्या जोरातून नव्हे, तर ओटीपोटातून पुढे झुकणाऱ्या शरीराच्या भारातून येत होता. गादीवर झोपलेल्या सहकाऱ्यानेही लगेच सांगितले, की दाब अधिक खोल गेला आणि तरीही टोचला नाही. शियात्सू करणाऱ्यांचे अंगठे दुखावणे ही काही नवलाची गोष्ट नाही. अनेकांना त्यापायी काम कमी करावे लागते. हे सरळ करून देणारे व्याख्यान मी आजवर पाहिलेले नाही, आणि तसे असू शकेल असे मला वाटतही नाही.

मासिक गटाची बैठक मला आधी औपचारिकता वाटली होती, पण अभ्यासक्रमाचा दुसरा खरा आधार तीच ठरली. नाव आणि ओळख न सांगता एक प्रसंग मांडायचा, इतरांनी सल्ला न देता आधी प्रश्न विचारायचे, आणि शेवटी पुढच्या सत्रात आपण काय वेगळे करणार ते एका वाक्यात लिहायचे, असा तिचा क्रम आहे. बरे वाटूनही दर आठवड्याला येत राहणाऱ्या क्लायंटला सत्रे कमी करण्याचा सल्ला द्यायचा का, यावर आमच्या गटात झालेली चर्चा मला फार मोलाची वाटते, कारण त्यात आपल्या उत्पन्नाचा प्रश्नही उघडपणे बोलला गेला.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. संशोधनावरच्या व्याख्यानात शियात्सूचा परिणाम ‘सिद्ध झाला आहे’ असे सांगितले जाते. ऑस्ट्रिया, स्पेन आणि ब्रिटन या तीन देशांतील क्लायंटचा 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यासाठी पुढे केला जातो. तो चांगला असला तरी निरीक्षणात्मक आहे, त्यात तुलनेसाठी दुसरा गट नाही. उपलब्ध संशोधनाच्या 2011 मधील आढाव्याने तर शियात्सूसाठीचा पुरावा अपुरा असल्याचे स्पष्ट नोंदवले आहे. वेदना, मळमळ आणि झोप यांबाबत थोडा बरा पुरावा आहे तो अ‍ॅक्युप्रेशरचा. हा फरक शिकवला नाही, तर तीच वाक्ये उद्या कोणाच्या तरी जाहिरातीत उतरतील, आणि ब्रिटनमध्ये जाहिरातीतील असे दावे जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रारीस पात्र ठरतात. कर्करोगावर उपचार करतो अशी जाहिरात तर 1939 च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले; उत्तर सौजन्याचे आले, पण व्याख्यान अजून तसेच आहे.

वर्षाचे शुल्क माझ्या दहा-बारा सत्रांच्या कमाईइतके पडते. नुकतीच पदविका घेतलेल्यांनी सिद्धान्ताच्या व्याख्यानांसाठी एवढे पैसे घालू नयेत. एकट्याने काम करत तीन-चार वर्षे झालेल्यांना मात्र हे शुल्क जड वाटणार नाही. पुढच्या वर्षी संस्था गटबैठक आणि कार्यशाळा स्वतंत्रपणे घेण्याची सोय देणार आहे. मी तेवढेच घेणार आहे, आणि सुरक्षिततेची माला मात्र प्रत्येक सभासदाला शुल्काशिवाय मिळावी अशी मागणी गटातील आम्ही सर्वांनी मिळून केली आहे.