पहिलं लुसिड ड्रीम: वाइल्ड की माइल्ड?

लुसिड ड्रीम म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असं कळणं. त्यासाठी स्वप्नांची वही लिहायला लागलात, दिवसातून चार-पाच वेळा नाक चिमटीत धरून श्वास येतो का (आला तर ते स्वप्न) तेही बघून झालं, तरी स्वप्नात जाग येत नाहीये, तर पुढचा प्रश्न असतो तो वाइल्ड करायचं की माइल्ड, म्हणजे लुसिड ड्रीम आणायच्या दोन पद्धतींपैकी कुठली. मी आधी दोन महिने वाइल्ड केलं, मग माइल्डवर आलो.

वाइल्डची ओढ मला कळते. जागेपणातून थेट स्वप्नात उतरायचं, मधे भान सुटूच द्यायचं नाही. मला दोनदाच जमलं, पण त्यातल्या एका स्वप्नात भिंतीवर हात फिरवला तर तिचा खरखरीतपणा बोटांना लागला, ते अजून आठवतं. पण माझं अडलं ते लाळेवर. न हलता पडून राहिलं की थोड्या वेळात तोंडात लाळ जमते, गिळायची नाही म्हटलं की सगळं लक्ष घशाशी जातं आणि शेवटी गिळली की डोळ्यांपुढे आकार धरायला लागलेले रंग, चेहरे सगळं पुसून जातं, की परत पहिल्यापासून. कुशीवर झोपून बघितलं, उशी उंच करून बघितली, काही फरक नाही, आणि असं तीन-चार वेळा झालं की उरलेली झोपही जायची. स्लीप पॅरालिसिसचं, म्हणजे जाग असूनही अंग हलवता येत नाही त्याचं म्हणाल तर त्यात धोका नाही, रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, स्नायू तसेही ढिले पडलेले असतात, तरी पहिल्यांदा छाती दाबल्यासारखी वाटते तेव्हा माणूस घाबरतोच.

माइल्ड हे स्वप्नांवर संशोधन करणाऱ्या स्टीफन लाबर्ज यांनी 1980 मध्ये मांडलं. पाचेक तासांनी उठायचं, कारण पहाटेकडे रेमचा टप्पा लांबत जातो, नुकतं पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यातली विचित्र गोष्ट पकडायची आणि "पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे" असं मनाशी घोळवत झोपून जायचं. कूस बदला, लाळ गिळा, काही बिघडत नाही. 2017 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तर माइल्ड करून पाच मिनिटांत झोपलेल्यांना जवळपास निम्म्या वेळा यश आलं होतं, म्हणजे ज्या झोपेशी वाइल्डमध्ये झगडायचं तीच इथे मदतीला येते. मला अकराव्या रात्री जमलं. जिना चढत होतो, कठड्यावरच्या हाताला सहा बोटं दिसली आणि कळलं. आनंदाने लगेच जागही आली, पुढच्या वेळी तळहात एकमेकांवर घासत राहिलो तेव्हा स्वप्न बराच वेळ टिकलं.

त्रास इथेही आहे, झोपमोड होतेच आणि शेजारी झोपलेल्यालाही होते, त्यामुळे मी आठवड्यातून दोनच रात्री करतो. ध्यानाची सवय असेल किंवा दुपारी पडल्या पडल्या चित्रं दिसायला लागत असतील तर तुम्हाला वाइल्ड कदाचित माझ्यापेक्षा लवकर जमेल, ते जरूर करून बघा. नाहीतर महिनाभर माइल्डला द्या, फक्त अलार्म हाताशी ठेवा, तो बंद करायला चालत गेलं की तेवढ्यात स्वप्न विसरलेलं असतं.