स्टिअरिंग रॅक: आवळायचा की बदलायचा?

भाचीच्या जुन्या हॅचबॅकच्या स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलाय, ताशी ८० किमीच्या आसपास थरथरही होते. "मामा, रॅक आवळून घेऊ की नवाच टाकू?" असं तिनं विचारलं. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारी दातेरी पट्टी; तिचा नट आवळून प्ले कमी करतात.

आधी हे ऐक: ठरावीक वेगालाच येणारी थरथर बहुतेकदा चाकांच्या बॅलन्सिंगची असते, रॅकला हात लावून ती जात नाही. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट हे चाकांजवळचे सांधेही हलवून बघ.

आवळायला फक्त मजुरी लागते. नव्या रॅकला हजारो रुपये, वर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावंच लागतं.

टिकण्याचं मात्र नीट समजून घे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे दात मधोमध जास्त झिजतात. तिथला प्ले काढायला नट जास्त पिळला, तर पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. हे धोक्याचं आहे. थोडं थोडंच आवळायचं, दर वेळी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघायचं.

प्ले किंचित असेल, रॅकमधून तेल गळत नसेल, तर आवळणं पुरे. तेल गळत असेल, रबरी बूट (रॅकच्या टोकांवरचं आवरण) फाटून आत गंज चढला असेल किंवा आवळल्यावर स्टिअरिंग जड होत असेल, तर नवाच टाक.