शेवाळ पिकवायला १० वॅटचा फ्लडलाइट: घ्यावा का?

घरच्या मत्स्यटाकीत ओटोसिंक्लस (थोडक्यात ओटो) किंवा ब्रिसलनोज प्लेको हे शेवाळ खाणारे मासे पाळत असाल तर जरूर घ्या. तयार शेवाळ-वेफर, म्हणजे माशांच्या खाद्याच्या चकत्या, चालतात, पण नव्या ओटोला ते खायचं असतं हेच कळत नाही. बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात आणि दुकानात पोचेपर्यंत त्यांची पोटं आत गेलेली असतात. त्यांना हवा असतो दगडावरचा बुळबुळीत थर. तो पिकवायला झाडांसाठीचे महागडे जांभळे दिवे नकोत. इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा कूल व्हाइट फ्लडलाइट पुरतो.

२० लिटरचा टब, मुठीएवढे आठ गोटे, एक एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि टाकीतून बदललेलं जुनं पाणी घ्या, त्यात शेवाळाचं खत असलेलं नायट्रेट आयतंच असतं. औषध घातलेल्या टाकीचं पाणी मात्र नको. गोट्यावर व्हिनेगर टाकून फेस आला तर तो चुनखडीचा, पाणी जड (क्षारयुक्त) करतो. मलावी सरोवरातल्या म्बुना माशांना चालेल, ओटोंना नाही. दिवा पाण्यापासून २० सेंमी वर, रोज १२ तास. महिन्याला साधारण साडेतीन युनिट वीज लागते.

आठवडाभरात डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर येतो. बरेच जण तो घाण समजून घासून टाकतात, तसं करू नका, ओटो तोच आवडीने खातात. पुढे हिरवा थर धरतो. दर तीन-चार दिवसांनी दोन गोटे टाकीत ठेवा आणि साफ झालेले परत टबात. गोट्यावर चाटल्याच्या वाटा उमटलेल्या आणि ओटोचं पोट खालून गोल दिसलं की समजा, जमलं.

दिव्यात उणिवा आहेत. प्लग येत नाही, उघड्या तारा येतात. थ्री-पिन लावा आणि अर्थिंग सोडू नका, बॉडी धातूची असते. वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे पाण्याचे थेंब तिथेच गळतात. टायमर वेगळा घ्यावा लागतो. आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण) लिहिलेलं असलं तरी तो पाण्यात बुडवायचा दिवा नव्हे.

निळसर-हिरवी, वास मारणारी, चादरीसारखी सुटणारी साय आली तर ते सायनोबॅक्टेरिया. मासे त्याला तोंड लावत नाहीत. साय काढून टाका, पाणी बदला, हवा वाढवा. केसांसारखं लांब शेवाळ वाढलं तर ते उपटा आणि दिवा आठ तासांवर आणा. गॅलरीतल्या टबात डास अंडी घालतात, म्हणून दोन गप्पी सोडा. अळ्या संपतात आणि शेवाळाला खतही मिळतं.