शिकारीची पँट आणि नागपूरचं हवामान: कट घ्यावा, कापड सोडावं

ऑनलाइन ‘हंटिंग पँट’ शोधायला बसलं की समोर येणारा बहुतेक माल दुसऱ्याच हवामानासाठी शिवलेला असतो. युरोप-अमेरिकेतला शिकारी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ओल्या थंडीत झुडपाआड तासन्‌तास बसून राहतो. म्हणून त्याच्या पँटला आतून मऊ अस्तर, मधे पाणी अडवणारा पापुद्रा आणि बाहेरून घासलं तरी आवाज न करणारं लवदार कापड असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे नागपुरात ही पँट घेणारा माणूस शिकारी नसतोच. तो पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला सफारीला जातो, गोरेवाड्यात किंवा तलावांच्या काठी पक्षी बघतो, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसतो. त्याची गरज वेगळी आहे, आणि जाहिरातीत लिहिलेलं ‘ऑल वेदर’ त्याच्या वेदरला लागू पडेलच असं नाही.

आपलं वेदर काय आहे ते आधी पाहू. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपाची, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांची हवा तर भट्टीच्या तोंडासमोर उभं राहिल्यासारखी लागते. जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो, पण ताडोबा आणि पेंचचे कोअर, म्हणजे गाभ्याचे भाग साधारण जुलै ते सप्टेंबर बंदच असतात. म्हणजे सगळ्यात जास्त पाऊस पडतो तेव्हा आपण फार तर बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, नाहीतर गावाजवळच्या पायवाटांवर असतो. थंडीची तऱ्हा निराळीच. जानेवारीत पहाटे दहाच्या खाली असलेला पारा दुपारपर्यंत पंचविशीच्या पुढे चढतो. एकाच सफारीत गारठाही आणि घामही. नागपूरकराच्या पँटची खरी परीक्षा पावसात होत नाही, ती या पहाट-दुपारच्या फरकात होते.

आता उमेदवार. घरात आधीपासून असलेली जीन्स, सुती कार्गो, टेरीकॉट किंवा रिपस्टॉप, नायलॉनची क्विक ड्राय ट्रेकिंग पँट आणि अस्तरवाली परदेशी हंटिंग पँट. बर्म्युडा मी यादीत घेतलेलीच नाही. ज्याला कुसळ आणि गोचीड दोन्ही माहीत आहेत तो घेणारही नाही.

जीन्सबद्दल लोक फार हळवे असतात. “मजबूत आहे ना!” हो, आहे. बोरीच्या काट्यात ती टिकते. पण जाड डेनिम एकदा घामाने किंवा दवाने भिजलं की दुपारपर्यंत वाळत नाही, मांडीच्या आतल्या जाड शिवणी चालताना घासतात, आणि सफारीच्या उघड्या जिप्सीत चढायला पाय उचलला की गुडघ्यावर कापड अडतं. त्यात रंगाचा मुद्दा आहे, जो फारसा कोणी बोलत नाही. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. तांबडा-नारिंगी त्यांना हिरव्या-तपकिरीतून वेगळा काढता येत नाही. वाघ नारिंगी असूनही त्याला लपता येतं ते यामुळेच. निळा मात्र त्यांना चांगला दिसतो. म्हणजे आपल्याला साधी वाटणारी निळी जीन्स चितळाच्या नजरेत उठून दिसते. सफारीत गाडीच इतकी मोठी असते की तिथे याने फरक पडत नाही. पायी फिरताना किंवा लपणीत बसताना मात्र पडतो. त्याच कारणाने कपडे ‘झळकवणाऱ्या’ धुण्याच्या पावडरीही जंगलाच्या कपड्यांना नकोत. त्यातली चमक निळसर उजेड फेकते.

सुती कार्गो मे महिन्यात अंगाला सगळ्यात छान लागते, यात वाद नाही. सूत घाम शोषतं, वारा लागला की गार वाटतं, आणि रेक्झिनच्या सीटवर तीन-चार तास बसायचं तर सुतासारखं सुख नाही. अडचण पुढच्या ऋतूत सुरू होते. सूत पाणी धरून ठेवतं, जड होतं, कमरेवरून ओघळतं. काळ्या मातीच्या चिखलात एकदा पायाची मोहरी भिजली की ती माती बाहेर सोडतच नाही. थंडीत पहाटेचं दव बसलेल्या गवतातून चाललात तर पोटऱ्या गार पडतात आणि नऊ वाजेपर्यंत तशाच राहतात. फक्त उन्हाळी सफारी करणाऱ्याने सुती घ्यावी, आणि पातळ घ्यावी. कापडाचं वजन दर चौरस मीटरला १५० ते १८० ग्रॅमच्या आसपास असेल तर पुरे. बाजारात मिळणाऱ्या सहा खिशांच्या कार्गो बहुधा याहून बऱ्याच जाड असतात.

क्विक ड्राय नायलॉनचं नाव ट्रेकवाल्यांमध्ये मोठं आहे आणि पावसाळ्यापुरतं ते सार्थ आहे. नायलॉन पाणी कमी पितं, पिळून झटकलं की थोड्या वेळात वाळतं, चिखल ओल्या फडक्याने निघतो. तलावाकाठी पाणपक्षी मोजायला जाणाऱ्यांसाठी याहून सोयीचं कापड नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आवाज. नवं नायलॉन चालताना सर्र-सर्र वाजतं, मचाणावर पाय बदलला तरी वाजतं. दुकानात मांडीवर मांडी घासून बघा, लगेच कळेल. दुसरी, शेकोटी. हिवाळ्यात गेटबाहेर सगळे शेकोटीभोवती उभे असतात. सुतावर ठिणगी पडली तर डाग पडतो, नायलॉन मात्र वितळून भोक पडतं आणि गरम थेंब कातडीला चिकटू शकतो. तिसरी, काटे. पातळ स्ट्रेच कापडात चिल्हारीचा आकडा अडकला की धागा ओढला जातो. गुडघ्याशी चेन लावून पाय सुटे होणारी पँट दिसायला फार हुशार वाटते, पण चेन नेमकी गुडघ्याच्या वर येते आणि गुडघे टेकून फोटो काढताना बोचते. मी ती कोणालाही सुचवत नाही.

उरलं टेरीकॉट. सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण. पोलिस आणि वनरक्षकांच्या वर्दीला आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच कापड. रिपस्टॉप म्हणजे त्याच जातीच्या कापडात ठराविक अंतरावर जाड धाग्याची चौकट विणलेली असते. काटा लागून फाटलं तरी फाटणं चौकटीपाशी थांबतं, पुढे सरकत नाही. ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सूत हे प्रमाण सर्रास मिळतं. मेमध्ये हे शुद्ध सुताइतकं गार नाही. पावसात नायलॉनइतकं लवकर वाळत नाही. शेकोटीला पूर्ण निर्धास्तही नाही. पण प्रत्येक परीक्षेत पास होणारं कापड हेच, आणि आपल्याला वर्षभर वापरायची आहे ती पहिल्या नंबरची पँट नव्हे, कुठेच नापास न होणारी पँट. २०० ग्रॅमच्या आसपासचं वजन धरा. त्याहून जाड घेतलं की एप्रिलमध्ये ती कपाटातच राहते.

मग थंडीचं काय? इथे अस्तरवाली हंटिंग पँट विकणाऱ्याचं भाषण सुरू होतं, आणि पहाटे सहा वाजता उघड्या जिप्सीत वारा खात बसलेल्या माणसाला ते पटतंही. पण साडेनऊला ऊन चढतं. तेव्हा अस्तर काढता येत नाही. पँटच्या आत घातलेलं थर्मलही काढता येत नाही, कारण जंगलात गाडीतून खाली उतरायलाच मनाई असते. वरचं जॅकेट माणूस काढून मांडीवर ठेवतो. खालच्या अंगाचा विचार कोणी केलेलाच नसतो. दोन तास घामात बसून राहायचं नसेल तर थंडीचा थर आत नको, बाहेर हवा. वारा अडवणारी पातळ ओव्हरपँट, जिची बाजूची चेन कमरेपासून घोट्यापर्यंत पूर्ण उघडते. बूट न काढता, बसल्या जागी ती सोडवता येते आणि घडी करून पिशवीत जाते. अर्धीच चेन असलेली स्वस्त मिळते, पण ती बुटावरून निघत नाही, म्हणजे नेमक्या कामाला निरुपयोगी.

हीच ओव्हरपँट पावसातही चालते, आणि म्हणून मला अस्तरवाली महाग पँट नागपूरसाठी पटत नाही. पाणी अडवून घाम बाहेर सोडणाऱ्या पापुद्र्याचं तंत्र खोटं नाही. पण ते चालतं आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असेल तेव्हा. वाफ दमटाकडून कोरड्याकडे जाते. ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असताना वाफ जाणार कुठे? तुम्ही पावसाने भिजत नाही, स्वतःच्या घामाने भिजता. ज्यांचं हिमालयात किंवा परदेशात हिवाळी फिरणं होतं त्यांनी ती पँट जरूर घ्यावी. फक्त विदर्भात हिंडणाऱ्याने त्या पैशांत दोन टेरीकॉट आणि एक चांगली ओव्हरपँट घेतली तरी काही उरेल.

लवदार कापडाबद्दल आणखी एक. पावसाळा सरला की आपल्या गवताळ भागात कुसळ तयार होतं. त्याची टोकं लवदार, होजिअरी विणीच्या किंवा फ्लीसच्या कापडात शिरतात आणि उलट्या केसांमुळे आत-आतच जात राहतात. आघाड्याचं बीही तसंच चिकटतं. गुळगुळीत विणीच्या टेरीकॉटवरून दोन्ही हाताने झटकली जातात. घरी येऊन अर्धा तास कुसळं वेचत बसणं ज्याने केलंय त्याला ‘सायलेंट ब्रश्ड फॅब्रिक’चं फारसं कौतुक राहत नाही.

ठिपक्यांच्या फौजी छापाचा मोह मात्र आवरा. आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा म्हणून सैन्यासारखा पोशाख करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि लष्कराने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या गणवेशाचा छाप बाहेर विकला जाऊ नये यावर त्यांचा कटाक्ष आहे. हौसेपायी कोणी चौकशी करायला थांबवलं तर सफारीची वेळ जाते. साधा मातकट, शेवाळी किंवा खाकी रंग पुरतो. चितळाला छापापेक्षा हालचाल आधी दिसते.

परदेशी हंटिंग पँटमधली चोरण्यासारखी गोष्ट म्हणजे तिचा कट. कंबर मागच्या बाजूला थोडी उंच असते, त्यामुळे वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही. आसनात चौकटीसारखा जोड असतो, शिंपी ज्याला मियानी म्हणतात, त्याने उकिडवं बसताना शिवण उसवत नाही. गुडघ्यावर दुहेरी कापड असतं आणि गुडघा आधीच किंचित वाकलेल्या आकारात कापलेला असतो. हे सगळं आपल्याकडचा वर्दी शिवणारा शिंपी करून देतो. ५८ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड साध्या पँटला लागतं. गुडघ्याच्या जोडासाठी दीड मीटर घ्या. गांधीबाग-इतवारीत ताग्यावरचं टेरीकॉट आणि ड्रिल, म्हणजे तिरक्या विणीचं जाडसर सुती कापड, सहज मिळतं. मिश्रणाची शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर आक्रसून काळा कडक मणी उरतो, मिश्रणात दोन्ही दिसतं.

शिंप्याला सांगायच्या गोष्टी नीट सांगा, नाहीतर ऑफिसची पँट हातात येईल. “भाऊ, मागचा खिसा नको, बटणाच्या झाकणाचे दोन खिसे मांडीवर द्या, पण बाजूला; पुढे आले तर बसताना टोचतात.” आतल्या शिवणीला दुहेरी टीप मागा. पायाच्या टोकाला नाडी ओवून घ्या, म्हणजे ती ओढून मोज्यावर आवळता येते आणि गोचीड वर चढत नाही. कापड आधी भिजवून मग शिवायला टाका. ड्रिल पहिल्या धुण्यात आटतं.

बायकांसाठी तर ही शिवून घेण्याची वाट आणखी महत्त्वाची ठरते, कारण दुकानातल्या मालात खिसे एक तर नावापुरते असतात किंवा कंबर बसली तर नितंबाशी आवळतं. लेगिंग काट्यात टिकत नाही आणि गोचिडीला अडवतही नाही. कमरेला मागच्या बाजूने थोडं इलॅस्टिक आणि पुढे पट्टा, अशी कंबर लांब बसण्याला सोयीची पडते. माप देताना उभं राहून द्या, मग खुर्चीत बसून पुन्हा कंबर मोजायला लावा. दोन्ही मापांत फरक येतो, आणि जिप्सीत तुम्ही बसलेल्या असणार.

तयारच घ्यायची असेल तर ट्रायल रूममध्ये जिप्सीत चढल्यासारखा पाय गुडघ्याच्या वर उचलून पाहा, उकिडवे बसा, आणि ओव्हरपँट तिच्यावर चढवून बुटासकट काढून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या. खरेदी ऑक्टोबरातच उरकलेली बरी, म्हणजे नाताळाच्या सफारीआधी पँट दोन-तीनदा धुऊन मऊ झालेली असते.